एका गॅलनात चारशे मैल?

२०११ साली कॅलिफोर्नियातील सांता रोझा येथे ‘नासा’च्या बक्षिसासाठी झालेल्या कार्यक्षमता-स्पर्धेत ‘टॉरस जी-४’ हे विजेवरील विमान एका गॅलनात ४०३.५ मैल उडाले, असे जे सर्रास सांगितले जाते, त्यात आकडा बिनचूक असला तरी परिमाण गाळलेले असते. ते परिमाण प्रवासी-मैल (प्रवाशांची संख्या गुणिले कापलेले अंतर) हे होय. आणि विमानात पेट्रोलचा थेंबही नसल्याने ‘गॅलन’ म्हणजे तेवढ्या पेट्रोलातील ऊर्जेइतकी, सुमारे ३३.७ युनिट वीज.

शेअर रिक्षात एक उतारू बसो वा तीन, इंधन जवळपास तेवढेच जळते, पण माणशी हिशेब पार बदलतो. तद्वत चार आसनांचे हे विमान स्वतः गॅलनमागे शंभर मैलांच्या आसपासच गेले, आणि तेही थोडे नव्हे.

हे यश केवळ मोटारीचे, हा समजही अपुरा आहे. ग्लायडरच्या धर्तीची दोन धडे एकाच लांब, अरुंद पंखाने जोडून मोटार मध्यभागी बसवल्यामुळे कर्षण (हवेचा मागे ओढणारा विरोध) घटले. मात्र सुमारे २०० मैल दोन तासांच्या आत कापण्याची अट असल्याने, ज्या मंद गतीत वीज सर्वांत कमी लागते तिच्यावर रेंगाळण्याची मुभा रचनाकारांना नव्हती.

दुसऱ्या क्रमांकाच्या, दोन आसनी ‘ई-जीनियस’चा आकडा ३७५.८ होता, म्हणजे निव्वळ विमानापुरते पाहिल्यास मैलामागे कमी वीज त्यालाच लागली.