“माझ्याकडे तर चालतंय!”

आजचा भाग एका वाक्याबद्दल आहे. आम्ही सॉफ्टवेअरवाले ते दिवसातून दहा वेळा बोलतो: “माझ्याकडे तर चालतंय!”

ऑक्टोबर २०२४. आमच्या ट्रॉम्ब्यातलं एक छोटं मंडळ शाळकरी मुलांना फीसाठी मदत करतं. त्यांची साईट मी सांभाळतो. फॉर्म भरायला दोन दिवस उरले होते आणि कोळीवाड्यातल्या एका मावशींचा फोन आला. “अरे, ती साईट काय उघडत नाय बघ. पोरीचा फॉर्म राहिलाय.” मी लॅपटॉपवर बघितलं, उघडली. मोबाईलवर बघितलं, उघडली. बाकीच्यांचे फॉर्म येतच होते. मग काय, बोललो तेच वाक्य. “नेट बघा तुमचं,” असंही वर सांगितलं.

संध्याकाळी मलाच बरं वाटेना, म्हणून त्यांच्या घरी गेलो.

साईट सगळ्यांनाच उघडत नसेल तर दोष बहुतेक सर्व्हरकडे असतो. एकालाच उघडत नसेल तर त्या माणसाच्या फोनपासून सर्व्हरपर्यंतच्या वाटेत कुठेतरी काहीतरी अडलेलं असतं. ते शोधायचा नियम साधा आहे: एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

आधी नेटवर्क बदललं. मावशींचा फोन माझ्या हॉटस्पॉटला जोडला. तरी साईट उघडेना. मग फोन बदलला. त्यांच्याच वायफायवर माझ्या फोनवर साईट लगेच उघडली. म्हणजे नेट ठीक होतं आणि घोळ त्यांच्या फोनमध्ये होता. दोन मिनिटांचं काम, जे मी सकाळी केलंच नव्हतं.

त्यानंतर एरर वाचायचा. “उघडत नाही” हा एरर नाही, स्क्रीनवर जे लिहून येतं तो एरर. त्याचे ढोबळ तीन प्रकार असतात.

पहिला, नावाचा. एररमध्ये “डीएनएस” किंवा “एनएक्सडोमेन” दिसतं. साईटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता सापडत नाहीये. स्पेलिंग तपासा, फोनमधलं प्रायव्हेट डीएनएसचं सेटिंग बघा, एअरप्लेन मोड चालू करून बंद करा.

दुसरा, वाटेचा. “टाइम्ड आउट” दिसतं. पत्ता सापडला, पण उत्तर येत नाही. व्हीपीएन असेल तर बंद करून बघा. कधीकधी सर्व्हरच्या फायरवॉलने तुमचा आयपी अडवलेला असतो. मोबाईल नेटवर्कवर एकाच आयपीमागे बरेच ग्राहक असतात, त्यामुळे दुसऱ्याच्या उचापतीची शिक्षा तुम्हालाही होऊ शकते.

तिसरा, ओळखीचा. “युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट.” सर्व्हरने उत्तर दिलं, पण त्याच्या सर्टिफिकेटवर फोनचा विश्वास बसत नाही.

मावशींचा एरर हा तिसरा होता. यात सगळ्यात आधी फोनची तारीख बघायची. ती चुकलेली असेल तर चांगलं सर्टिफिकेटही फोनला मुदतबाह्य वाटतं. तारीख बरोबर होती. पण एररच्या शेवटी लिहिलं होतं, “ऑथॉरिटी इन्व्हॅलिड”. मग सेटिंगमध्ये बघितलं: ॲन्ड्रॉइड ६.

इथे उलगडा झाला. सर्टिफिकेट म्हणजे दाखला समजा. कुणाचा शिक्का खरा मानायचा, याची यादी फोनमध्ये असते. फोनला अपडेट मिळणं थांबलं की यादीही तिथेच थांबते. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही संस्था फुकट सर्टिफिकेट देते, जगभरात असंख्य साईट ते वापरतात, आमचीही वापरायची. पण तिचा स्वतःचा शिक्का ॲन्ड्रॉइड ७.१.१ पासूनच ओळखला जातो. त्याआधीच्या फोनवर दुसऱ्या एका जुन्या संस्थेच्या ओळखीवर काम चालायचं. त्या जुन्या संस्थेच्या शिक्क्याची मुदत ३० सप्टेंबर २०२१ ला संपली. जुन्या ॲन्ड्रॉइडसाठी खास सोय करून ती ओळख आणखी तीन वर्षं चालवली गेली. ३० सप्टेंबर २०२४ ला तीही संपली. हे सगळं आधीच जाहीर झालेलं होतं. मी वाचलं नव्हतं, म्हणजे चूक माझीच.

उपाय सोपा निघाला. फायरफॉक्स फोनच्या यादीवर अवलंबून न राहता स्वतःची यादी सोबत आणतो आणि तेव्हा तो त्या फोनवर चालत होता. टाकला, साईट उघडली, पोरीने फॉर्म भरला.

मावशी म्हणाल्या, “शेजारचा पोरगा बोलला, खाली बटण हाय, दाबून पुढे जा. मी नाय दाबलं. पासबुकाचा फोटो द्यायचा होता ना.” शंभर टक्के बरोबर केलं त्यांनी. तो इशारा खरोखरच्या फसवणुकीतही अगदी तसाच दिसतो. पैशाची, आधारची माहिती द्यायची असेल तर ते बटण दाबू नका.

घरी येऊन मी सर्व्हरचा लॉग उघडला. मावशींच्या चार दिवसांच्या प्रयत्नांची त्यात एक ओळही नव्हती. सर्टिफिकेटवरच गाडी अडली तर पान मागायची वेळच येत नाही, त्यामुळे भेटींच्या लॉगमध्ये नोंदही होत नाही. मी “फॉर्म तर येतायत” म्हणत होतो, पण मला फक्त आत पोचलेले लोक दिसत होते.

मंडळाला सांगून मुदत आठवडाभर वाढवून घेतली आणि जुन्या फोननाही ओळखता येईल असं सर्टिफिकेट बसवलं. त्या आठवड्यात जुन्या ॲन्ड्रॉइडवरून आणखी चार फॉर्म आले. त्या चौघांपैकी कुणीही मला फोन केला नव्हता.

तर मंडळी, कुणी “उघडत नाही” म्हणालं की तीन गोष्टी विचारा: स्क्रीनशॉट आहे का? दुसऱ्या नेटवर चालतंय का? दुसऱ्या फोनवर चालतंय का? आपल्याकडे चालतंय की नाही, ते नंतर सांगू. भेटू पुढच्या भागात!