मध्यदालन : ख्रिस्तमंदिरातील भाविकांचे स्थान

कसबा पेठेत राहणाऱ्याला ‘सभामंडप’ म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. ग्रामदैवत कसबा गणपतीच्या देवळात गाभारा कोठे संपतो आणि सभामंडप कोठे सुरू होतो हे तेथील लहान मूलही जाणते. मात्र आपल्याच ख्रिस्तमंदिरात दर रविवारी आपण ज्या भागात तासभर बसतो त्याला काय म्हणतात, असे विचारले तर बहुतेक भाविक निरुत्तर होतील. वेदीला नाव आहे, स्नानकुंडाला नाव आहे, पापनिवेदनाच्या जागेलाही नाव आहे. भाविकांच्या जागेला मात्र रोजच्या बोलण्यात नाव नाही. म्हणूनच या विषयावर चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटले.

मुख्य प्रवेशद्वारापासून वेदीस्थानाच्या पायरीपर्यंत पसरलेल्या या लांबट भागास इंग्रजीत ‘नेव्ह’ म्हणतात. आम्ही येथे त्यास ‘मध्यदालन’ म्हणू. मूळ लॅटिन शब्द ‘नाविस’, म्हणजे नौका. आपल्या ‘नौ’ आणि ‘नाव’ या शब्दांचे ते दूरचे भावंडच आहे. ख्रिस्तसभा ही वादळातून पैलतीरी जाणारी नौका होय, ही कल्पना फार जुनी आहे. नोहाचे तारू आणि संत पेत्राची होडी ही दोन्ही चित्रे त्यामागे उभी आहेत. जुन्या मंदिरात आढ्याकडे पाहिले की उताण्या पडलेल्या आपल्याला उलट्या होडीच्या फासळ्याच दिसतात, असे म्हणण्याचा मोह होतो. वसईच्या कोळी बांधवांना ही उपमा कोणी शिकवावी लागणार नाही.

आता सभामंडप आणि मध्यदालन यांतील साम्य लगेच लक्षात येते, पण भेदही पाहिला पाहिजे. देवळात भाविक बहुधा आपापल्या वेळी येतो, दर्शन घेतो व जातो. मिस्साबलिदान मात्र एकट्यादुकट्याचे दर्शन नसून जमलेल्या समुदायाने मिळून करावयाची उपासना आहे. म्हणून आरंभीच्या ख्रिस्ती लोकांनी चौथ्या शतकात मोठ्या वास्तू उभारावयास घेतल्या तेव्हा रोमन मंदिराचा नमुना न घेता ‘बॅसिलिका’ या सार्वजनिक इमारतीचा नमुना घेतला. बॅसिलिका म्हणजे न्यायनिवाडा व व्यापारउदीम जेथे चाले ती लांबट इमारत : मध्ये उंच दालन, दोन्ही बाजूंस खांबांच्या रांगा, त्यापलीकडे ठेंगणी पार्श्वदालने. मध्यदालनाचे छप्पर पार्श्वदालनांहून उंच असल्याने वरच्या भिंतीतील खिडक्यांतून प्रकाश थेट लोकांवर पडे. सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळात रोममध्ये उभे राहिलेले लॅटरन मंदिर या पद्धतीचे होते. तत्पूर्वी छळाच्या दिवसांत उपासना घराघरांत होत असे. सिरियातील दुरा-युरोपोस येथे तिसऱ्या शतकातील असे एक घर उत्खननात सापडले आहे.

हा आकार केवळ रोमचा, असे मात्र कोणी समजू नये. लोणावळ्याजवळील कार्ल्याचा चैत्य आपल्या पुणे जिल्ह्यातच आहे. सुमारे १२४ फूट लांब, ४५ फूट रुंद व जवळपास तितकेच उंच असे ते दालन बौद्ध उपासकांनी दोन हजार वर्षांपूर्वी अखंड खडकात कोरले. मध्ये मोकळे दालन, दोन्ही बाजूंस खांब, खांबांमागे प्रदक्षिणेची वाट आणि शेवटी अर्धवर्तुळाकार भागात स्तूप. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय अभ्यासकांनी त्याचे वर्णन करताना ख्रिस्तमंदिराचेच शब्द वापरले. कोणी कोणाची नक्कल केली हा येथे प्रश्न नाही. पुष्कळ लोकांना एका दिशेस मुख करून एकत्र जमावयाचे असेल तर मानवी बुद्धीला असे दालन सुचते, एवढेच.

अशा दालनाची खरी अडचण छपराची आहे. जुन्या वाड्यांत राहिलेल्या वाचकांना ‘खण’ ठाऊक असेल. दोन खांबांमधले अंतर तुळईच्या लाकडाने ठरते. खोली मोठी हवी तर खण वाढवावयाचे, म्हणजे खांबही वाढवावयाचे. पण मध्यदालनात खांबांची गर्दी झाली तर वेदी दिसणार कशी? म्हणून तेथे लाकडी कैच्या टाकून किंवा दगडी कमान वळवून मोठे अंतर एका झेपेत ओलांडावे लागते. कमानीचा भार भिंतींना बाहेर ढकलतो आणि वास्तूकडे दुर्लक्ष झाले तर तीच कमान आधी जाते. जुन्या गोव्यातील संत ऑगस्टीनचे मंदिर १८३५ मध्ये ओस पडले आणि १८४२ मध्ये त्याचे छत कोसळले. मनोऱ्याचा एक भाग तेवढा आज उभा आहे. वसईच्या किल्ल्यातील मंदिरांतही भिंती उभ्या आणि मध्यदालनांवर आकाश, असे दृश्य दिसते.

गोव्याचा उल्लेख आलाच आहे तर तेथील दोन मंदिरांची तुलना आवर्जून करावी. सी कॅथीड्रल हे मध्यदालन व दोन पार्श्वदालने असलेले भव्य मंदिर. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या अवशेषांचे दर्शन दर दहा वर्षांनी तेथे होते. २०२४-२५ च्या सोहळ्यातही अवशेष बॉम जेझूहून तेथेच नेण्यात आले. याउलट १६०५ मध्ये अभिषेक झालेल्या बॉम जेझूच्या बॅसिलिकेत पार्श्वदालनेच नाहीत. सुमारे ५५ फूट रुंदीचे एकच सलग दालन, मध्ये एकही खांब नाही. यामागे विचार होता. ट्रेंट विश्वपरिषदेनंतर प्रवचनाला महत्त्व आले होते आणि येशूसंघीयांनी रोममधील आपल्या ‘जेझू’ या मुख्य मंदिरात (बांधकाम १५६८ ते १५८४) प्रत्येकाला धर्मगुरू दिसावा व त्याचा शब्द ऐकू यावा म्हणून रुंद, सलग मध्यदालन योजिले होते. बॉम जेझू त्याच विचारातून उभे राहिले.

म्हणजे लोकांनी उपासनेत काय करावयाचे, हे जसजसे बदलले तसतसे दालन बदलले. आणि क्रम उलटाही असतो. दालन जसे बांधाल तसे लोक वागतात. उदाहरणार्थ बाके. शतकानुशतके युरोपातील मध्यदालने मोकळी होती. लोक उभे राहत, गुडघे टेकत, मिरवणुकीने चालत. बसण्याची बाके सार्वत्रिक झाली ती पुष्कळ उशिरा, आणि बाकांबरोबर ‘माझी जागा’ आली. आपल्या खेड्यांतील मंदिरांत सतरंजीवर मांडी घालून बसणाऱ्यांना हा रोग तितकासा जडला नाही, असे आमचे निरीक्षण आहे.

या रोगाचे सर्वांत दुःखद उदाहरण तमिळनाडूतील वडक्कनकुळम येथे घडले. एकोणिसाव्या शतकात तेथे दोन मध्यदालने असलेले मंदिर उभारण्यात आले. दोन्ही दालने एकाच वेदीशी येऊन मिळत, जणू विजारीचे दोन पाय. लोकही त्यास ‘विजारीचे चर्च’ म्हणू लागले. एका दालनात एका जातीचे भाविक, दुसऱ्यात इतर, मध्ये भिंत. वेदी एक, ख्रिस्तप्रसाद एक, आणि भाविक एकमेकांस दिसू नयेत अशी व्यवस्था! ती भिंत १९१० मध्ये काढण्यात आली. वास्तुशास्त्र हे निरुपद्रवी शास्त्र आहे असे ज्यांना वाटते त्यांनी त्या भिंतीचा विचार करावा.

द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी प्रसिद्ध केलेल्या उपासनाविषयक संविधानात हा विषय स्पष्ट केला. मंदिरे बांधताना भाविकांचा सक्रिय सहभाग शक्य होईल हे पाहावे, तसेच उपासनेत खासगी व्यक्तींना वा वर्गांना विशेष मान देऊ नये, असे ते सांगते. मिस्साग्रंथाची मार्गदर्शिका आणखी पुढे जाते. कोणा व्यक्तीसाठी जागा राखून ठेवण्याची प्रथा तिने निषिद्ध मानली आहे. लग्नसराईत पहिल्या चार रांगांना फिती बांधणाऱ्यांनी हे वाचावे, अशी आमची नम्र सूचना आहे. (वधूवरांचे मातापिता पुढे बसले तर कोणाचीच हरकत नसते, त्यासाठी फीत लागत नाही.)

आमच्या पुणे शहरात या सर्वांचा थोडाथोडा अंश पाहावयास मिळतो. नाना पेठेतील निष्कलंक गर्भसंभव मातेचे मंदिर, म्हणजेच आपले सिटी चर्च, ज्या भूमीवर आहे ती १७९२ मध्ये सवाई माधवराव पेशव्यांनी दिली. त्यांच्या सैन्यातील ख्रिस्ती लोकांना उपासनेसाठी जागा हवी होती. १८५० मध्ये आयरिश सैनिकांसाठी सेंट पॅट्रिक्स उभे राहिले, तेच पुढे आपल्या धर्मप्रांताचे कॅथीड्रल झाले. पेशव्यांचे सैनिक गेले, गोऱ्या पलटणी गेल्या. आज त्याच दालनांत मराठी, कोकणी, तमिळ, मल्याळम व इंग्रजी बोलणारे भाविक शेजारीशेजारी बसतात.

सध्या अनेक धर्मग्रामांत नूतनीकरणाचे वारे वाहत आहेत. त्याविषयी आमचे मत स्पष्ट आहे. उंच छपराखाली खोटे छत टाकले की वातानुकूलनाचे बिल कमी येते, पण वरच्या खिडक्या झाकल्या जातात, वर जाणारी उष्ण हवा कोंडते आणि गायन बोथट होते. मोठे पडदे लावले की भाविकांची नजर वेदीवरून पडद्यावर जाते. मध्यदालनाचे चित्रपटगृह होण्यास वेळ लागत नाही. बदल करूच नये असे आम्ही म्हणत नाही. परंतु सल्लागार मंडळाने आराखड्यावर सही करण्यापूर्वी एकदा रिकाम्या दालनात सर्वांत मागच्या बाकावर बसून पाहावे : येथून वेदी दिसते का, शास्त्रपाठ ऐकू येतो का, आजोबांची चाकाची खुर्ची येथपर्यंत येते का? आणि पुढील बाके रिकामी असता दारात घोळका करून उभे राहणारे आपले तरुण तेथे का उभे राहतात, हेही त्यांना विचारावे. उत्तर कधीकधी वास्तूतच सापडते.

मध्यदालनासंबंधीची एक जुनी रीत अनेकांच्या नजरेतून निसटते. अंत्यविधीच्या वेळी सामान्य भाविकाची शवपेटी मध्यदालनात ठेवताना पाय वेदीकडे करतात, म्हणजे आयुष्यभर तो जसा वेदीकडे तोंड करून बसला तसाच राहील. धर्मगुरूची शवपेटी मात्र उलट ठेवतात. त्याचे मुख लोकांकडे असते.