हिरादखणाचं बेट

नगरच्या बाजारात काष्ठौषधीच्या दुकानात हिरादखण मागितलं, तर काळपट तांबड्या रंगाचे ठिसूळ खडे पुडीत बांधून मिळतात. खडा खलात कुटला की रक्तासारखी लालभडक पूड होते. जखमेचं रक्त थांबवायला ही पूड आपल्याकडे पूर्वापार वापरतात. हे येतं कुठून, असं विचारलं की बहुधा एकच उत्तर येतं, ‘मुंबईहून!’ ते चूक नाही, पण मुंबईच्या आधीचा प्रवास मोठा आहे आणि आज मला त्याविषयीच बोलायचं आहे.

झाडापासून मिळणारा लाल रंग आपल्याला नवा नाही. आल, म्हणजे बारतोंडीच्या जातीचं झाड, त्याच्या मुळ्या उकळून आणि तुरटीचा पास देऊन सुती कापड रंगवलं जाई. चोपड्यांना घालायचा खारवा याच रंगाचा. १८६८ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी ॲलिझरीन हा लाल रंग प्रयोगशाळेत बनवला आणि पुढच्या काही दशकांत आलीची लागवड मोडीत निघाली. हिरादखण मात्र टिकलं, कारण तो मुळात कापडाचा रंगच नव्हे. ती राळ आहे. पाण्यात विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळते. म्हणून तिचा उपयोग लाकडाच्या आणि पितळेच्या रोगणात जास्त.

जुन्या काळी नावाजलेली राळ सोकोत्रा बेटावरची. (आज बाजारात येणारा बराचसा माल इंडोनेशियातल्या एका वेताच्या फळांपासून केलेला असतो, हेही सांगून ठेवतो.) सोकोत्रा येमेनच्या ताब्यातलं, आफ्रिकेच्या टोकापासून सुमारे २४० किलोमीटर पूर्वेला अरबी समुद्रात. क्षेत्रफळ आपल्या जिल्ह्याच्या जेमतेम पाचव्या हिश्शाएवढं. मध्यभागी हज्हर पर्वताचे ग्रॅनाइटचे सुळके, उंची साधारण दीड हजार मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा थोडे ठेंगणे. भोवती चुनखडीची पठारं. या उंचीवर हिरादखणाची झाडं उभी असतात, उलट्या झालेल्या छत्रीसारखी. वरचा दाट पानोरा धुकं अडवतो, त्याचे थेंब खोडावरून मुळाशी उतरतात आणि त्याच छत्रीच्या सावलीत ओल टिकते. पाऊस तुटपुंजा असलेल्या मुलखात ही झाडं जगतात ती अशी. बेटावरच्या सव्वाआठशे वनस्पतींपैकी ३७ टक्के जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. २००८ मध्ये युनेस्कोने सोकोत्राला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

जून ते सप्टेंबर इथे नैर्ऋत्येचा वारा असा सुटतो, की पूर्वी या काळात बेटाचा बाहेरच्या जगाशी संबंधच तुटत असे. हाच वारा पुढे सह्याद्रीला धडकतो, घाटघर-रतनवाडीला झोडपून काढतो आणि नगर-पाथर्डीपर्यंत येईतो कोरडा होतो. एका वाऱ्याची ही दोन टोकं! जुने खलाशी याच वाऱ्यांच्या हिशेबाने ये-जा करत. ‘पेरिप्लस’ या इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासग्रंथात या बेटावर अरब आणि ग्रीकांबरोबर भारतीय राहतात असं म्हटलं आहे, झाडांतून ठिबकणाऱ्या लाल पदार्थाचाही उल्लेख आहे. त्याच ग्रंथात पैठणचा माल गाड्यांनी भडोचला जातो, अशीही नोंद आहे. पैठण म्हणजे शेवगावच्या पलीकडे, आपल्या वेशीवरच.

आणि पुरावा केवळ पुस्तकातला नाही. बेटावर होक नावाची लांबलचक गुहा आहे. २०००च्या सुमारास बेल्जियन गुहासंशोधक तिच्यात खोलवर शिरले, तेव्हा भिंतींवर आणि लवणस्तंभांवर ब्राह्मी अक्षरं दिसली. खलाशांनी नावं लिहून ठेवली आहेत, काहींनी आपण भडोचचे असंही नोंदवलं आहे. सोकोत्रा हे नाव संस्कृत ‘द्वीप सुखाधार’वरून आलं असं काही अभ्यासक मानतात, सर्वांना ते मान्य नाही. तिथल्या लोकांची सोकोत्री ही भाषा अरबीच्या कुळातली, पण अरबीहून वेगळी. ती शतकानुशतकं लिहिली गेली नाही, गाण्यांतून आणि कवनांतूनच जगली.

आता झाडांचं काय? पठारांवर म्हातारी झाडं दिसतात, रोपटी जवळपास नाहीत. उगवलेलं रोप शेळ्या खातात. कोवळी झाडं उरली आहेत ती शेळी पोचत नाही अशा कड्यांवर. त्यात २०१५च्या नोव्हेंबरात ‘चपला’ आणि ‘मेघ’ ही दोन चक्रीवादळं आठवडाभराच्या अंतराने आली आणि जुनी झाडं मुळासकट उपटली गेली.

हिवरे बाजारने ग्रामसभेत चराईबंदी केली, गवत कापून न्यायची मुभा ठेवली आणि डोंगर हिरवे झाले, हे आपण पाहिलं आहे. सोकोत्रात तसं का करत नाहीत, असं विचारणं सोपं आहे. पण पठारावरच्या कुटुंबाचं दूध, मांस आणि पैसा शेळ्यांवर चालतो, आणि २०१५पासून येमेन युद्धात होरपळलेला आहे. तरीही काही गावकऱ्यांनी दगडी कुंपणं घालून रोपवाटिका केल्या आहेत. हे झाड इतकं सावकाश वाढतं, की शेळीच्या तोंडाबाहेर जायला त्याला अनेक वर्षं लागतात, आणि तेवढी वर्षं ते कुंपण दरसाल डागडुजी करून उभं ठेवावं लागतं.