आजीच्या ओव्या आणि ऑडिओ इंटरफेस

मुलांनो, जात्यावरच्या ओव्या मुखोद्गत असलेल्या आज्या आता थोड्याच उरल्या आहेत. तुमच्या घरी अशी आजी असेल, तर तिचा आवाज संगणकात जतन करून ठेवावा. त्यासाठी मायक्रोफोन व संगणक यांच्यामध्ये एक दुभाषी लागतो. मायक्रोफोन ध्वनीचे रूपांतर अतिशय क्षीण विद्युत्‌संदेशात करतो. संगणकास तर केवळ अंकांची भाषा उमगते. यूएसबी तारेने जोडावयाचे 'ऑडिओ इंटरफेस' हे लहानसे यंत्र तो संदेश वाढविते आणि सेकंदाला हजारो वेळा मोजून त्याचे अंक करते.

दुकानात १,९२,००० मोजमापांचा आकडा दाखवितील. त्यास भुलू नये. सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपलीकडचा ध्वनी माणसास ऐकूच येत नाही, आणि एका कंपनामागे दोनांहून थोडी अधिक मोजमापे झाली की ध्वनी पुन्हा उभा करता येतो. ४८,००० मोजमापे पुष्कळ झाली. प्रत्येक मोजमाप मात्र २४ बिटांचे असावे. १६ बिटांत लहानमोठ्या आवाजाच्या ६५,५३६ पायऱ्या मिळतात, २४ बिटांत १ कोटी ६७ लाखांहून अधिक! त्यामुळे पातळी खाली ठेवूनही हळुवार स्वर खरखरीत बुडत नाहीत, आणि आजीचा सूर एकाएकी चढला तरी फाटत नाही.

कंडेन्सर जातीचा मायक्रोफोन असल्यास यंत्रातून ४८ व्होल्टचा दाब मिळतो ना, हे पाहावे. एका गळ्यासाठी आठ मायक्रोफोनांचे यंत्र घेणे म्हणजे दोघांच्या बिऱ्हाडास पंगतीचे पातेले!

मुद्रणापूर्वी पंखा बंद करावा, खिडकी लावून घ्यावी. जात्याची घरघर मात्र असू द्यावी.