उसाची ट्रॉली आणि तिचा ब्रेक



गळिताचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि नाताळ त्याच्या ऐन भरात येतो. संकेश्वरच्या हिरण्यकेशी किंवा निपाणीच्या हालसिद्धनाथ कारखान्याकडे उसाच्या जोडट्रॉल्या रात्रंदिवस धावत असतात. त्याच रस्त्यांवरून आपली माणसे मध्यरात्रीच्या मिस्सेला जातात-येतात. अनगोळच्या शिवारात उसापेक्षा भात जास्त हे खरे, पण पिंजर, शेणखत, विटा, वाळू हे सारे आपल्याकडेही ट्रॉलीतूनच येते. म्हणून आज या पानावर ट्रॉलीच्या ब्रेकविषयी लिहीत आहे.

पुष्कळांची अशी समजूत असते की ट्रॅक्टरचा ब्रेक चांगला असला म्हणजे झाले, ट्रॉली मागून येते ती आपोआप थांबते. ही समजूत घातक आहे. ज्यांनी भरलेली बैलगाडी उतारावरून आणली आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. चढावर बैल गाडी ओढतात, उतारावर गाडी बैलांना रेटते. म्हणूनच जुन्या गाड्यांना चाकावर दाबायचा लाकडी ठोकळा असे. तो बैलाच्या पायाला नव्हे, गाडीच्या चाकाला लावलेला असे! आपले आजोबा जे जाणत होते ते आपण पन्नास हॉर्सपॉवरचे इंजिन हाती आल्यावर विसरलो.

आता थोडा हिशेब पाहू. आपल्याकडच्या नेहमीच्या ट्रॅक्टरचे वजन साधारण २ टन असते, आणि बहुतेक ट्रॅक्टरना ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतो. दोन भरलेल्या ट्रॉल्या मिळून १६ टन धरा. हंगामात याहून जास्त भरतात हे सर्वांना ठाऊक आहे. वीस फुटांना एक फूट उतरणाऱ्या रस्त्यावर हे १६ टन ट्रॅक्टरला मागून ८०० किलोच्या जोराने ढकलतात, म्हणजे शंभर किलोच्या आठ पोत्यांएवढा रेटा. त्यातला काही जोर टायर फिरण्यात जिरतो, बाकीचा ट्रॅक्टरवर येतो. तो अडवला तर वेग फक्त वाढत नाही, एवढेच. थांबायचे तर याच्या कितीतरी पट जोर लागतो.

हा जोर आणणार कोठून? ब्रेक कितीही कडक केला तरी शेवटी थांबवते ती टायरची रस्त्यावरची पकड, आणि ती त्या चाकावर किती वजन आहे यावर अवलंबून असते. वजन तर सगळे ट्रॉलीच्या चाकांवर आहे, आणि तिथे ब्रेकच नाही! मग ट्रॅक्टरची चाके जाम होऊन घसरतात, मागची ट्रॉली दांडीतून रेटत राहते, आणि ट्रॅक्टर रस्त्यात आडवा होऊन उलटतो. रस्त्यावर उसाचा पाला, चिखल किंवा पाणी असेल तर पकड आणखीच कमी होते.

तेव्हा ब्रेक ट्रॉलीलाच पाहिजे. एका प्रकारात ट्रॉली पुढे रेटू लागली की दांडी मागे दाबली जाते आणि त्या दाबानेच ट्रॉलीचा ब्रेक लागतो. दुसऱ्या प्रकारात ट्रॅक्टरवरून तेलाच्या किंवा हवेच्या दाबाची नळी ट्रॉलीपर्यंत नेलेली असते. ट्रकच्या मागच्या ट्रेलरला हवेचाच ब्रेक असतो, आणि हवा पुरवणारी नळी तुटली तर ट्रेलरचा ब्रेक आपोआप लागावा अशी त्याची रचना असते. खर्च होतो, हे मान्य. पण ट्रॉलीला नवा रंग, झालर आणि मोठ्या आवाजाची गाणी यांना पैसे मिळतात, तर ब्रेकलाही मिळावेत.

ट्रॉलीला ब्रेक असो वा नसो, काही गोष्टी फुकट आहेत. ट्रॅक्टरला ब्रेकचे दोन पेडल असतात ते शेतात जागेवर वळण्यासाठी. रस्त्यावर येण्यापूर्वी त्यांना जोडणारी पट्टी लावलीच पाहिजे. घाईत एकच पेडल दाबले गेले तर एकच चाक अडते आणि ट्रॅक्टर त्या बाजूला फिरतो. तवंदी घाटासारखा उतार लागण्यापूर्वीच, म्हणजे माथ्यावरच, खालचा गिअर टाकावा. ज्या गिअरमध्ये तो रस्ता चढला असता त्याच गिअरमध्ये उतरावे. डिझेल वाचावे म्हणून न्यूट्रल करणारे किंवा क्लच दाबून सोडणारे महाभाग आहेत. त्यांच्या मागे बसू नये. इंजिनचा आवर गेला की सगळा भार ब्रेकवर पडतो, ब्रेक तापतो आणि नेमका खालच्या वळणावर ढिला पडतो. मग वाढलेल्या वेगात गिअर पुन्हा पडत नाही. वेगाचे गणितही ध्यानात असू द्या: वेग दुप्पट झाला तर ब्रेक लावल्यापासून थांबायला चौपट अंतर लागते.

हुकाच्या पिनेला खालून खिळी आणि जोडीला साखळी असावी. झिजलेली पिन 'एवढी खेप होऊ दे' म्हणून ठेवू नये. मागच्या ट्रॉलीच्या शेवटी लाल रिफ्लेक्टर लावावेत आणि उसाच्या वाड्यांनी ते झाकले जाऊ देऊ नयेत. दांडीवर किंवा मडगार्डवर कोणालाही बसवू नये, पोरांना तर मुळीच नाही.

अपघात झालाच तर आधी इंजिन बंद करावे आणि १०८ ला फोन लावावा. पाठीला किंवा मानेला मार लागलेल्या माणसाला, आग किंवा दुसऱ्या गाडीचा धोका नसेल तर, ओढून बाहेर काढू नये. वाहते रक्त स्वच्छ कापडाने दाबून धरावे.

आणखी एक गोष्ट. कारखान्याच्या रांगेत उभ्या ट्रॉलीच्या सावलीला तोडणीवाल्या बाया लेकरांना निजवतात. ट्रॉली हलवण्यापूर्वी खाली उतरून चारी बाजूंनी पाहावे. चाकाखाली लावलेले दगड निघताना रस्त्याच्या कडेला टाकावेत. ते तसेच रस्त्यात राहतात आणि रात्री एखादा मोटारसायकलवाला त्यांवर येऊन आदळतो.