चमचा, कापूस आणि पाणी

गर्दच्या आहारी गेलेल्याला मुंबईने ‘गर्दुल्ला’ हा शब्द दिला. त्या शब्दाबरोबर डोळ्यांसमोर येतो तो पुलाखाली एकटाच पडलेला माणूस. सुईने नशा करणारा मात्र बहुधा एकटा नसतो. दोघे-तिघे पैसे जमवून एक पुडी घेतात, ती चमच्यात किंवा बाटलीच्या झाकणात पाण्याबरोबर विरघळवतात, गरम करतात आणि कापसाच्या बोळ्यातून गाळून सिरिंजमध्ये ओढतात. वाटणी चोख व्हावी म्हणून एकाच सिरिंजच्या रेघांवर मोजून दुसऱ्याच्या सिरिंजमध्ये वाटा सोडतात. सुई प्रत्येकाची वेगळी असली तरी मोजायची सिरिंज, चमचा, कापूस आणि सुई धुण्याचे पाणी सामाईकच. ‘दुसऱ्याची सुई वापरू नका’ एवढा फलक लावून रोग का थांबत नाही, याचे उत्तर या तपशिलात आहे.

रोग किती वेगाने पसरतो, हे मणिपूरने पाहिले. १९८९ च्या शरद ऋतूपर्यंत तिथल्या सुईने नशा करणाऱ्यांत एचआयव्ही जवळजवळ आढळत नव्हता. पुढच्या सहा महिन्यांत तपासलेल्यांपैकी निम्म्यांच्या रक्तात तो सापडला.

माझ्याजवळ वैद्यकाची पदवी नाही. जे कळले ते अहवाल वाचून. त्यांत मला सर्वांत बोलका वाटला तो २००२ च्या अखेरीस फिलाडेल्फिया आणि थायलंडमधील चिआंग माई इथे सुरू झालेला प्रयोग. कार्ल लॅट्किन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टोळक्यातल्या एकालाच निवडले आणि अशा निवडलेल्यांचे छोटे गट करून त्यांना सहा बैठकांत शिकवले. शिकवले काय, तर आपल्या सोबत्यांना कसे शिकवावे! सामाईक चमच्याचा धोका मित्राला न दुखावता कसा सांगायचा, याची तालीम तिथेच एकमेकांवर करायची. तुलनेसाठी निम्म्या टोळक्यांना फक्त समुपदेशन आणि रक्ततपासणी मिळाली. दोन्ही शहरे मिळून ४१४ टोळकी, ११२३ माणसे.

यातली मेख मला अशी वाटते : ‘तू रोगी आहेस, सुधार’ असे या माणसाला सगळेच सांगत आले होते. ‘तू शिकव’ हे सांगणारे विरळाच. मित्राला बजावून झाल्यावर त्याच्यासमोर स्वतः तोच चमचा उचलणे जड जाते. शेतीशाळेत शेजाऱ्याला कलम बांधायला शिकवणाऱ्याचे स्वतःचे कलम सहसा नीट बांधलेले असते, तसे.

फिलाडेल्फियात हे जमले. शिकलेल्यांच्या टोळक्यांत चमचा, कापूस आणि पाणी सामाईक वापरण्याचे प्रमाण तुलनेच्या गटापेक्षा घटले. मात्र दोन्ही शहरांत नवे संसर्ग इतके थोडे निघाले की संसर्ग कमी झाला की नाही, हे ठरवता आले नाही. बदल सिद्ध झाला तो वागण्यात. त्या शहरात १९९२ पासून महापौरांच्या आदेशाने सुया बदलून मिळत होत्या, हेही लक्षात ठेवायला हवे. शिकवलेले आचरणात आणायला हातात नवी सुई लागते.

चिआंग माईत दोन्ही गटांत फरकच दिसेना, कारण दोन्हीकडे सुई टोचणेच झपाट्याने कमी झाले होते. फेब्रुवारी २००३ मध्ये थाक्सिन सरकारने ‘अमली पदार्थांविरुद्ध युद्ध’ पुकारले आणि तीन महिन्यांत दोन हजारांहून अधिक माणसे मारली गेली. हा आकडा पाहून कुणी ‘दहशतीनेही काम होते की’ म्हणेल. पण भ्यालेला माणूस दवाखान्यातही येत नाही, तपासणीलाही नाही.

मणिपूरने १९९६ मध्ये, देशात सर्वांआधी, सुया पुरवण्याला राज्याच्या एड्स धोरणात जागा दिली. पुढे राष्ट्रीय कार्यक्रमाने अशा चाळीस जणांमागे त्यांच्यातलाच एक शिक्षक नेमण्याचा दंडक घातला. हा शिक्षक नोंदवहीत वाटलेल्या आणि परत आलेल्या सुया लिहितो. चमच्यासाठी त्या वहीत एक रकाना हवा, असे मला वाटते.