धनगरवाड्याची वाट

हिमालयाची यात्रा करून आलेला मराठी प्रवासी तेथील हिमशिखरांइतकाच तेथील माणसांविषयीही कळवळून लिहितो. पाठीवर लाकडाचा भारा घेऊन चढ चढणाऱ्या स्त्रिया, आजाऱ्याला खांद्यावरून खाली आणणारे गावकरी, हिवाळ्यात जगापासून तुटणाऱ्या वस्त्या यांची वर्णने वाचून आपण हळहळतो. परंतु एवढ्यासाठी कोल्हापूरकराने हिमालय गाठण्याचे कारण नाही. शाहूवाडी, राधानगरी, गगनबावडा, भुदरगड, चंदगड या तालुक्यांच्या डोंगरमाथ्यावरील धनगरवाडे आपल्याच जिल्ह्यात आहेत.

दर पावसाळ्यात शेकडो तरुण पन्हाळ्याहून पावनखिंडीकडे चालत जातात. जुलै 1660 मधील त्या रात्रीचे स्मरण करीत मसाई पठार, करपेवाडी, पांढरेपाणी अशी वाट तुडविताना त्यांना धन्यता वाटते, आणि ती योग्यच आहे. मात्र यात्रिकाचा चिखल दोन दिवसांचा असतो, तर त्याच मुलखातल्या आडबाजूच्या वाड्यांचा चार महिन्यांचा.

म्हशींच्या दुधातुपावर आणि नाचणीच्या तुकड्यावर येथील संसार चालतो. मृगापूर्वी धान्य, मीठ, सरपण यांची बेगमी करावी लागते. हाती येणारे पीक गव्यांचा कळप एका रात्रीत फस्त करतो. ओढ्याला पाणी चढले की मुलांची शाळा बुडते. बाळंतीण अडली किंवा कुणाला सर्पदंश झाला, तर बांबूला घोंगडे बांधून डोली करायची आणि निसरड्या पायवाटेने डांबरी सडक गाठायची. रुग्णवाहिका सडकेपर्यंतच येऊ शकते. जीव वाचतो की जातो, हे पुष्कळदा त्या मधल्या वाटेवरच ठरते.

काही वाड्यांपर्यंत रस्ता आणि वीज पोहोचली आहे, हे मान्य केले पाहिजे. उरलेल्यांविषयी विचारले की, घरे विरळ आहेत आणि जंगल राखीव आहे, अशी दोन उत्तरे मिळतात. जंगल राखलेच पाहिजे, याविषयी दुमत नाही. परंतु 2006 च्या वनहक्क कायद्यातच रस्ता, शाळा, दवाखाना, पिण्याचे पाणी, वीज यांसारख्या गावाच्या गरजांसाठी प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देण्याची तरतूद आहे. हेक्टरी 75 पेक्षा अधिक झाडे तुटू नयेत आणि ग्रामसभेची शिफारस असावी, एवढ्याच तिच्या मुख्य अटी आहेत. अर्थात कायद्याची वाट मोकळी आहे. अडते ती ठराव, मोजणी आणि मंजुरी यांच्या टप्प्यांवर.

2023 साली काळम्मावाडी धरणाचे पाणी थेट जलवाहिनीने कोल्हापूर शहरात आले. शहराची तहान भागली, हे चांगलेच झाले. पण डोंगरातले पाणी खाली आणण्यासाठी जी चिकाटी आपण वर्षानुवर्षे दाखविली, तिचा अल्पसा अंश डोंगरावर एक पक्की वाट नेण्यासाठी का दाखवू नये? वाडीवार यादी करून ग्रामसभांचे ठराव घ्यावेत आणि जिल्हा परिषद व वनखाते यांनी एकत्र बसून पुढील पावसाळ्यापूर्वी त्यांचा निकाल लावावा. धनगरवाड्याला आपली हळहळ नको आहे. त्याला डोलीऐवजी रुग्णवाहिका दारापर्यंत यायला हवी आहे.